कुंदावयनी, नारळ तूच फोडलास

कुंदावयनी,

परवा कारखान्यात तुझ्या फोटोला हार घातला. मला गेटच्या आत घेत नाहीत हे तुला ठाऊकच आहे, म्हणून कुंपणाला टेकून बाहेरूनच ऐकलं. तुमचा मालक, ज्याला तुम्ही सगळे पात्रांव म्हणता, तो स्वतः बोलायला उभा राहिला. आवाज चांगला लावला होता. म्हणाला, एकोणीस वर्षं कुंदाबाय तपासणीच्या बाकावर बसली आणि तिच्या हातून एकही पॅनेल चुकीचं बाहेर गेलं नाही. बायकांनी डोळे पुसले. दोघातिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि लगेच जमिनीकडे.

खोटं आहे ते. साफ खोटं. तुझ्या हातून चुकीची पॅनेलं बाहेर गेली, आणि हे जगाला कळावं म्हणून तूच जिवाचा आटापिटा करत होतीस.

गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलतच नाही, चोरीची तक्रार करतोय. माणसाकडून त्याची चूकसुद्धा चोरता येते हे मला तुझ्यामुळे कळलं. तुझी चूक दोघांनी चोरली. परवा त्याने चोरली. त्याच्या आधी मी. म्हणून हा मजकूर. तुझ्या बाराव्याला जमलेल्या लोकांनी तुझ्याबद्दल गोड गोड सांगितलं, ते त्यांचं त्यांना लखलाभ. मला तुझ्याशी भांडायचंय, आणि त्याच दमात तुझी माफी मागायचीय, आणि हे दोन्ही मी लोकांसमोर करणार आहे. पत्रकं लोकांसमोर वाटली होती ना? मग हेही तसंच.

आपली ओळखच मुळी भांडणातली. औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर मी पत्रकं वाटत होतो. दुसऱ्या एका शेडमधल्या कॉम्प्रेसरबद्दल होतं ते, कामगारांच्या डोक्याशी मृत्यू उभा आहे वगैरे. तुमची पाळी सुटली, बाकीच्या बायका बसकडे गेल्या आणि तू तिथेच उभी राहून दोन्ही बाजू वाचल्यास. मला वाटलं, चला, एक तरी माणूस पेटलं. तू कागद माझ्यासमोर धरलास आणि बोट ठेवलंस.

"बाबू, तुमच्या शिरगावात दाब लिटरात मोजतत काय?"

मी म्हटलं, अर्थ पोचला ना लोकांपर्यंत? तू म्हणालीस, अर्थ पोचतो, पण मालक ह्याच एका शब्दावर हसेल, आणि तो हसला की बाकीचं कोणी वाचणार नाही. मग विचारलंस, एवढी उद्गारचिन्हं कशाला पेरलीस, शेताला कुंपण घालतोयस का? बसवाल्याने भोंगा वाजवला तरी तू पुढे बोलतच होतीस. बस चुकली तुझी. मी तुला स्कूटरवरून हळर्णला तुझ्या घरी सोडली आणि वाटभर तू मला दाबाचा किलो म्हणजे काय ते शिकवलंस.

शिरगावातला मुलगा मी. खाणीचा खड्डा खोल गेला की विहिरीचं पाणी कुठे जातं ते बघत वाढलो. आमच्याकडे पत्रक काढायचं म्हणजे आधी शत्रू ठरवायचा, मग वाक्यं. मोजमाप वगैरे पलीकडची माणसं करतात, साहेबलोक, अहवालवाले, आणि त्यांची मापं कायम आपल्याच विरुद्ध निघतात. म्हणून मापावर माझा राग. तू पहिलं माणूस भेटलीस जिचं माप आपल्या बाजूचं होतं. खरं म्हणजे कोणाच्याच बाजूचं नव्हतं. मी ते ऐकायला तयार नव्हतो.

तुमच्या शेडमध्ये काय बनतं हे वसाहतीतल्या अर्ध्या लोकांना माहीत नाही. बॉयलर-कॉम्प्रेसरवर लक्ष ठेवणारी कंट्रोल पॅनेलं, आणि इस्पितळांसाठी गॅसची अलार्म पॅनेलं. तू मला बसस्टॉपवर, डब्यातला उंडा पाव आणि पातळभाजी पुढ्यात ठेवून समजावलं होतंस. वॉर्डाच्या भिंतीतून ऑक्सिजनची नळी जाते. त्यात साधारण चार किलो दाब असतो. तो साडेतीनच्या खाली जायला लागला की पॅनेलवर लाल दिवा लागला पाहिजे, भोंगा वाजला पाहिजे, म्हणजे कोणीतरी धावेल आणि राखीव सिलिंडर जोडेल. भोंगा नेमका कुठे वाजायचा ते पॅनेलमधला एक बारीक स्क्रू ठरवतो. तो स्क्रू फिरवणारे हात तुझे. बाकी सगळा कारखाना पत्रा, वायर आणि रंग.

आणि तो स्क्रू कशाकडे बघून फिरवायचा, तर बाकावरच्या मोठ्या पितळी गेजकडे. सगळ्या गेजांचा गेज. कागदोपत्री त्याला मास्टर गेज म्हणतात, तुम्ही त्याला म्हालगडो म्हणायचात, घरातला सगळ्यात वडीलधारा. त्याला मऊ फडक्याने पुसायचं, त्याच्यावर डबा ठेवायचा नाही, त्याच्यासमोर शिवी द्यायची नाही. पॅकिंगमधला परसू, चंदगडचा, सांगायचा की नवीन माणूस कामाला आला की वयनी आधी त्याची म्हालगड्याशी ओळख करून देतात, पात्रांवशी नंतर.

खंडेनवमीला त्याची पूजा व्हायची. यंत्रांची होते तशी, पण पहिला मान त्याचा. हळद, कुंकू, झेंडूचं एक फूल. नारळ बाहेर पायरीच्या दगडावर वाढवायचा, ही तुझीच जागा, तुझाच हात, इतकी वर्षं. त्या वर्षी बाहेर धो धो पाऊस होता. पायरी वाहत होती. कोणीतरी म्हणालं, आतच फोड वयनी, बाकाची कड लोखंडी आहे. तू फोडलास. एका घावात फुटला, सगळ्यांनी वाहवा केली, आणि बाकाला बसलेल्या हिसक्याने म्हालगडो कलंडून तोंडावर पडला.

तू त्याला उचललंस. काच फुटली नव्हती. सुई शून्यावर होती. गेजला हात लावून तो हात कपाळाला लावलास, आणि सगळ्यांनी खोबरं-साखर खाल्ली.

हे मी पाहिलेलं नाही. तू मला सांगितलंस, तीनदा, आणि तिन्ही वेळा तोच शब्द न् शब्द. सुई शून्यावर का दिसली तेही सांगितलंस. सुई शून्याच्या खाली जाऊ नये म्हणून तिथे एक छोटी खुंटी असते. धक्क्याने सुई आपल्या जागेवरून मागे सरकली होती, पण खुंटीने तिला शून्यावरच अडवून धरली. दाब नसताना ती खरं बोलल्यासारखी दिसायची. दाब दिला की जवळजवळ अर्धा किलो कमी दाखवायची. तू म्हणालीस की इतक्या वर्षांत मी रोज सकाळी शून्य बघत आले, आणि शून्यानेच मला फसवलं.

खंडेनवमीपासून नाताळापर्यंत तुझ्या बाकावरून जेवढी पॅनेलं गेली, ती सगळी त्या सुईवर लावलेली होती. ती उशिरा नव्हे, लवकर वाजायची. नळीतला दाब जरा इकडेतिकडे झाला, कोणी शेजारच्या खाटेवर ऑक्सिजन सुरू केला, की भोंगा. नाताळाच्या आधी किनाऱ्याकडच्या एका इस्पितळातून तक्रार आली. तू आणि परसू गेलात. तू वेगळा गेज नेला होतास, तो लावलास, आणि तिथल्या तिथे तुझ्या लक्षात आलं. शेडमध्ये आलीस, चप्पलसुद्धा न काढता दोन्ही गेज एका नळीवर लावलेस, आणि म्हालगड्याकडे बघत राहिलीस.

त्याच दिवशी तू पात्रांवच्या केबिनमध्ये गेलीस. नारळाचं सगळं सांगितलंस. तो रागावलासुद्धा नाही, हे मला जास्त लागतं. खुर्चीत मागे टेकून म्हणाला, "कुंदाबाय, आधी वाजतो ना? मग बरंच आहे. उशिरा वाजला असता तर गोष्ट वेगळी. एकाची तक्रार आली, त्याचं करून दिलं. दुसऱ्याची येईल तेव्हा दुसऱ्याचं करू."

दुसऱ्याची आलीच नाही. पुढच्या आठवड्यात तू रजा टाकून अशा एका इस्पितळात गेलीस जिथून काही तक्रार नव्हती. पॅनेल भिंतीवर झकपक होतं. भोंग्याच्या भोकात कापूस कोंबला होता आणि वरून चिकटपट्टी, अगदी जखमेला लावतात तशी, नीट चारी बाजूंनी. तिथल्या सिस्टरने तुला कौतुकाने दाखवलं. म्हणाली, सारखा कोकलायचा, पेशंटांना झोप नाही, आता काही त्रास नाही.

तू परत येऊन पात्रांवला जे म्हणालीस, ते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात खरं वाक्य आहे. "जंयसून तक्रार येणा नाय, थंयच पयलां जावंक व्हया." जिथून तक्रार येत नाही तिथेच आधी जायला हवं. कारण तिथे भोंग्याचं तोंड बांधलंय. उद्या नळी खरंच रिकामी होईल तेव्हा तो वाजेल, आणि कापसाच्या आत वाजेल.

पात्रांवने नकार दिला. सगळीकडे माणूस पाठवला तर कंपनीचं नाव जाईल म्हणाला. मग तू माझ्याकडे आलीस.

आता माझी चोरी.

तू म्हणालीस लिही. मी वही काढली. तू सांगत गेलीस, मी लिहीत गेलो. शेवटी तू म्हणालीस, "नारळ मी फोडलंय. तां पयलां लिही." मी मान डोलावली. घरी जाऊन पत्रक लिहिलं. नारळ गाळला. गेज पडला हेही गाळलं. लिहिलं की मालकाने जाणूनबुजून सदोष पॅनेलं इस्पितळांना विकली. मथळा काय होता ते इथे पुन्हा लिहायची मला लाज वाटते. त्यात श्वास होता, सौदा होता, आणि तुला न आवडणारी ती चिन्हं तीन होती, एकापुढे एक.

मी मुद्दाम केलं. विसरून नाही. मला वाटलं, कामगाराची चूक छापली तर मालकाच्या हातात कोलीत दिल्यासारखं होईल. मला वाटलं, मी तुला वाचवतोय. दोन्ही मला मनापासून वाटलं, हे लिहून ठेवतो, कारण स्वतःला बदमाश ठरवून सुटका करून घेणं सोपं असतं आणि ते तुला चाललं नसतं.

पुढचं परसूने सांगितलं. दोन दिवसांनी पात्रांवने सगळ्यांना शेडमध्ये जमवलं आणि माझं पत्रक वाचून दाखवलं. अख्खं, न अडखळता, मजा घेत. मग विचारलं, विकताना मला माहीत होतं का? मग विचारलं, गेज पडला कोणाच्या हातून? तुला बोलायची गरज नव्हती. सगळ्यांना माहीत होतं आणि एकही जण तुझं नाव घेणार नव्हता.

"वयनी उठल्या," परसू म्हणाला. "म्हणल्या, माझ्या हातनं. आनि हे पत्रकात लिवा म्हणून मीच सांगितलं हुतं, त्यानं लिवलं न्हाई."

पात्रांवने कागदाची घडी घातली आणि म्हणाला, मग हे पत्रक खोटं आहे. संपलं. तो हसला की बाकीचं कोणी वाचणार नाही, असं तू फाटकावर पहिल्याच दिवशी म्हणाली होतीस. कापूस, चिकटपट्टी, बंद तोंडाचे भोंगे, सगळं त्या एका घडीत गेलं. एक गोष्ट मी लपवली म्हणून नऊ खऱ्या गोष्टी मेल्या. दुसऱ्या दिवसापासून तुला बाकावरून काढून पॅकिंगला बसवलं. एकोणीस वर्षांनी. परसू मला तोंडावर म्हणाला, "तुमची पत्रकं पॅकिंगला बरी पडली दादा, कागद जाड हाय." मी त्याच्यावर चिडलो. खरं तर तो त्या दिवशी माझ्याशी बोलायला आला हीच मेहेरबानी होती.

तू बोलली नाहीस. पावणेदोन महिने. मग मीच हळर्णला आलो. तू अंगणात आमसुलं वाळत घालत होतीस, बोटं लालबुंद. भाईंनी, तुझ्या नवऱ्याने, माझ्यासाठी बसायला कदेल बाहेर आणून ठेवली आणि जनेलापाशी, खिडकीच्या आत, जाऊन बसले, दिसणार नाही पण ऐकू येईल असे. मला वाटलं होतं तू मला झोडपशील. तू कामाचं बोललीस. म्हणालीस, एक चांगला गेज मिळालाय, उसना, तपासून आणलाय. आयतारी, रविवारच्या सुटीला, परसू आणि मी एकेका इस्पितळात जातो. तिथल्या माणसाला सांगतो, तोच स्क्रू फिरवतो, आम्ही नुसतं दाखवतो. तूही चल. माझ्यापेक्षा तू बरं बोलतोस, दारातून आत घेतील.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, हे मालकाचं काम आहे. त्याची घाण आपण आयतारी फुकट का साफ करायची? त्याला भाग पाडलं पाहिजे. कायदा आहे, खातं आहे, मोर्चा आहे.

"इस्पितळात जो निजलोहा, तो काय पात्रांवचो पावणो नाय रे," तू म्हणालीस.

मी उठलो. उठताना म्हणालो की वयनी, तू कामगार नाहीस, तू त्याची ढाल आहेस. हे वाक्य मी म्हटलं. जनेलापाशी भाईंची हालचाल झाली. कागदात थोडी आमसुलं बांधलीस, आधीच्या वर्षीची, वाळलेली, आणि माझ्यापुढे धरलीस. मी घेतली नाहीत. स्कूटर सुरू करून निघालो.

ते आपलं शेवटचं बोलणं.

तू आजारी आहेस हे मला कळलं होतं. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणत राहिलो, कारण यायचं तर आधी ‘चुकलो’ म्हणावं लागलं असतं, आणि मला अजून वाटत होतं की मी पूर्ण चुकलो नाही. आता ऐक, कारण भांडण अर्धंच राहिलंय. मला आजही वाटतं मी पूर्ण चुकलो नाही. चूक कबूल करणारीला पॅकिंगला बसवतात आणि चूक झाकणाऱ्याच्या हातात माईक देतात, हे जग मी मान्य करत नाही. तुझ्यासारख्यांनी खरं बोलायचं आणि त्याची किंमत तुम्हीच भरायची, हा कुठला न्याय? तुझा चांगुलपणा मला त्या दिवशी अंगणात असह्य झाला होता. आजही होतो. तू आयतारी जात होतीस तेव्हा तो कुठे होता? समुद्रावर जेवत असेल. हे मी तुला विचारणार होतो. तू काहीतरी दोन शब्दांत बोलली असतीस आणि मी आठवडाभर त्यावर जळलो असतो.

पण एक मी चुकलोच. मला वाटायचं, आपली चूक सांगितली की आपला हात दुबळा होतो. उलटं आहे. आपली चूक आपण मोठ्याने सांगितली की समोरच्याकडे दाखवायला काही उरत नाही, आणि मग त्याची पाळी येते. मी तुझं पहिलंच वाक्य छापलं असतं, तर पात्रांवने शेडमध्ये काय विचारलं असतं? नारळ कोणी फोडला हे? ते छापलेलंच असतं. त्याला उत्तर द्यावं लागलं असतं की तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही काय केलंत.

तर पात्रांव, हे तुम्हीही वाचाल, तुमच्या टेबलावर मी स्वतः आणून ठेवेन, गेटवर अडवलं तर पोस्टाने पाठवेन. नारळ कुंदावयनीने फोडला. गेज तिच्या हातून पडला. पॅनेलं चुकीची लागली ती तिच्या हाताने. विकताना तुम्हाला माहीत नव्हतं. माझं पत्रक त्या बाबतीत खोटं होतं आणि ते मी मागे घेतो. एवढं तिचं आणि माझं. आता तुमचं. नाताळाच्या आधी तिने तुम्हाला केबिनमध्ये येऊन सांगितलं. तेव्हापासून आजपर्यंत तुम्हाला माहीत आहे. तिच्या फोटोसमोर उभं राहून तिच्या हातून काही चुकलं नाही असं तुम्ही म्हणालात, ते तिच्यावरच्या मायेने नव्हे. ती चुकली नसेल तर पॅनेलं बरोबर ठरतात, आणि पॅनेलं बरोबर असली की तुम्हाला कुठे जावं लागत नाही. मेलेल्या बाईच्या पुण्याईमागे लपता. तिची चूक तिला परत द्या. तिने ती स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमोर उभं राहून मिळवली होती.

वयनी, गेल्या आयतारी मी परसूबरोबर गेलो. त्यानेच बोलावलं, उपकार केल्यासारखं. तू चार ठिकाणं करून गेलीस म्हणाला. चौथ्या ठिकाणी तुला जिना चढवत नव्हता तर तू खालीच बाकड्यावर बसलीस आणि फोनवरून त्याला सांगत राहिलीस. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

डिचोलीकडचं एक छोटं इस्पितळ. तिथल्या देखभालीच्या माणसाने आम्हाला दारातच अडवलं. कंपनीचा फोन आलाय, पॅनेलं ठीक आहेत, कोणी आलं तर आत घेऊ नका. मी छातीत हवा भरून घेतली, म्हणजे भाषणाची तयारी. परसूने माझं कोपर दाबलं. मग मी एवढंच म्हणालो की आमच्याकडून चूक झालीय. खंडेनवमीला आमच्या वयनीने बाकावर नारळ फोडला, मुख्य गेज पडला, आणि तुमचं पॅनेल त्याच गेजवर लावलेलं आहे.

तो दारातून एक पाऊल पुढे आला.

"नारळ?"

नारळ, मी म्हटलं.

त्याला हसू आलं. मग त्याने स्वतःचं सांगितलं, की गेल्या दसऱ्याला त्याने जनरेटरला हार घातला तो पट्ट्यात गुंडाळला गेला, आणि ही गोष्ट त्याने अजून कोणाला सांगितलेली नाही. दार सोडलं त्याने. पॅनेलचं झाकण काढलं. आत कापूस होता, वयनी, धुळीने काळा पडलेला. त्याने तो उपसून काढला; कोणी घातला ते त्याला माहीत होतं, आम्ही विचारलं नाही. पेशंटांच्या नळीला हात न लावता पॅनेलची नळी वेगळी केली, उसना गेज लावला. परसू आकडे सांगत होता, स्क्रू त्या माणसाच्या हातात होता. कसं फिरवायचं, कुठे थांबायचं, थांबल्यावर का पुन्हा एकदा तपासायचं, हे परसूला तू शिकवलेलं. तो तुझ्याच चालीत बोलतो ते करताना, चंदगडचा असूनही.

मग परसूने हळूहळू दाब सोडला. तीन-आठला काही नाही. तीन-सातला काही नाही. मी त्या सुईकडे असा बघत होतो जसं आयुष्यात कुठल्या मंत्र्याकडेही बघितलं नाही. साडेतीनला लाल दिवा लागला आणि भोंगा एवढ्या जोरात वाजला की मी मागे सरकलो.

आणि वरच्या मजल्यावरून सिस्टर धावत खाली आली. तिला सांगायचं राहून गेलं होतं. एका पायात चप्पल, दुसरी जिन्यात कुठेतरी सुटलेली. दम लागलेला. काय झालं, कुठली खाट, म्हणत ती थेट पॅनेलपर्यंत आली, तिथे आम्हा तिघांना उभं बघितलं, आणि मग तिने आम्हाला जे काही सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. आम्ही मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. परसूच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसत होता.

उरलेल्या ठिकाणांना येत्या आयतारपासून जातोय. पात्रांवला बरोबर यायचं असेल तर स्कूटरवर एक जागा आहे. त्याला तिथे बसवेपर्यंत मी गप्प बसणार नाही.

पण ती धावत आली, वयनी. नुसता आवाज ऐकून, एका चपलेवर.